केळीच्या आयडल गेमचे कव्हर: सगळी बाग दाखवावी की एकच घड?

तुम्ही सावद्याजवळच्या गावातून लिहिले आहे. तुम्ही आणि तुमच्या धाकट्या भावाने मिळून ‘घडावर घड’ नावाचा आयडल गेम, म्हणजे खेळणाऱ्याने काही न करताही आपोआप वाढत राहणारा गेम, तयार केला आहे. त्यात एका रोपापासून सुरुवात होते, मग ठिबक येते, मजूर येतात, पिकवण केंद्र उभे राहते आणि शेवटी मालगाडीच्या वाघिणी केळींनी भरून दिल्लीकडे जातात. संगणकावरच्या गेमचे दुकान असलेल्या स्टीमवर पान उघडलेले आहे, प्ले स्टोअरवरही गेम आहे. कव्हर पुष्कळ लोकांच्या नजरेसमोरून जाते असे आकडे सांगतात, पण त्यावर क्लिक करणारे मात्र फारच थोडे आहेत. तुमचे प्रश्न तीन आहेत: रंग बदलावेत का, चित्रकार नेमावा की एआयकडून चित्र करून घ्यावे, आणि चित्रकार नेमलाच तर त्याच्याशी काय काय ठरवून घ्यावे.

तुम्ही सोबत पाठवलेले कव्हर मी नीट पाहिले. डावीकडे फावडे घेतलेला घामाघूम शेतकरी, उजवीकडे ट्रॅक्टर, मागे मालगाडी, मध्ये बाग, वरून पडणारी नाणी आणि या सगळ्यावर बारीक अक्षरांत गेमचे नाव. रेखाटन वाईट नाही. भावाचा हात चांगला आहे. अडचण रंगाची आहे असे मला वाटत नाही. हे चित्र पाहणाऱ्याला शेतीचा कष्टाचा, सतत हात चालवावा लागणारा गेम वाटतो. आयडल गेम शोधणारा माणूस ते पाहून पुढे सरकतो, आणि कष्टाचा गेम शोधणारा चुकून आत आलाच, तर दोन मिनिटांत परत जातो. म्हणजे खरा प्रश्न असा आहे की, तुमचा गेम नेमके कोणते सुख देतो हे तुम्ही अजून एका वाक्यात ठरवलेले नाही, आणि म्हणून चित्रात सगळेच भरावे लागले आहे.

पण त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. कव्हर दिसले पण क्लिक झाले नाही, आणि क्लिक झाले पण पुढे विशलिस्ट किंवा इन्स्टॉल झाले नाही, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात दोष कव्हर, नाव किंवा टॅग यांपैकी कशात तरी असतो. दुसऱ्यात तो बहुधा स्क्रीनशॉट, ट्रेलर किंवा वर्णन यांत असतो, किंवा कव्हरने एक सांगितले आणि पानाने दुसरेच दाखवले असे झालेले असते. टॅगची बाब विशेष पाहा. तुम्ही ‘शेती’ आणि ‘सिम्युलेशन’ हे टॅग वर ठेवून ‘आयडलर’ आणि ‘क्लिकर’ खाली ढकलले असतील, तर तुमचे कव्हर चुकीच्या गर्दीपुढे मांडले जात आहे, आणि तिथे कितीही सुंदर चित्र लावले तरी उपयोग मर्यादित आहे. तुमच्या पत्रावरून आजार पहिला दिसतो, म्हणून मी कव्हरबद्दलच लिहितो.

माझी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे माझे पूर्वग्रह तुमच्या लक्षात येतील. मी भुसावळला एका पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवायला शिकलो आणि गेमच्या कव्हरकडे फार नंतर वळलो. उस्तादांचा एकच दंडक होता: चालत्या एस.टी.च्या खिडकीतल्या माणसाला पाटी वाचता आली पाहिजे, दुकानासमोर उभ्या असलेल्याला तर ती आपोआप वाचता येते. स्टोअरमधले कव्हर ही तीच पाटी आहे, फक्त इथे एस.टी.ऐवजी अंगठा चालतो.

आकार पाहिले की हे पटते. स्टोअरमध्ये गेमची ओळख म्हणून दिसणाऱ्या कव्हरच्या चित्राला स्टीम कॅप्सूल म्हणते. स्टीमला मुख्य कॅप्सूल १२३२ × ७०६ पिक्सेलचे लागते, हेडर ९२० × ४३०, उभे कॅप्सूल ७४८ × ८९६ आणि छोटे कॅप्सूल ४६२ × १७४. बहुतेक जण सारा जीव मुख्य कॅप्सूलमध्ये ओततात, कारण संगणकाच्या पडद्यावर तेच डोळे भरून दिसते. पण छोट्या कॅप्सूलपासून स्टीम स्वतः आणखी लहान प्रती तयार करते, त्यांतली सर्वांत लहान १२० × ४५ पिक्सेलची असते, आणि शोधयाद्यांत व इतर याद्यांत लोकांची गाठ अशा लहान चित्रांशीच पडते. १२० गुणिले ४५ म्हणजे अवघे ५,४०० ठिपके. तुमचा शेतकरी, ट्रॅक्टर, मालगाडी, बाग आणि नाणी यांना एवढ्या ठिपक्यांत आपापली वाटणी करून घ्यायची आहे आणि नावालाही जागा द्यायची आहे. प्ले स्टोअरवर तर आयकॉन ५१२ × ५१२ चा चढवला तरी फोनवर तो अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठा दिसत नाही. म्हणून मी कोणतेही काम सर्वांत लहान आकारापासून सुरू करतो आणि तिथे जे टिकते तेवढेच मोठ्या चित्रात मुख्य म्हणून ठेवतो.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, ज्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. आयडल गेम इतर गेमपेक्षा वेगळे काय देतो? तुम्ही पडद्यासमोर नसतानाही काहीतरी वाढत राहते, आणि परत आल्यावर ते वाढलेले पाहण्याचा आनंद मिळतो, हे त्याचे आश्वासन आहे. लढाईच्या गेमच्या कव्हरवर तलवार उगारलेला वीर शोभतो, कारण तिथे कृती विकायची असते. आयडल गेममध्ये वाट पाहणे विकायचे असते. कव्हरवर जेवढी धावपळ दाखवाल, तेवढे हे आश्वासन पुसले जाईल. २०१३ साली आलेल्या ‘कुकी क्लिकर’कडे पाहा. त्यात पुढे आजीबाई येतात, कारखाने येतात, खाणी येतात, पण ओळख म्हणून लोकांच्या डोक्यात राहिली ती एकच मोठी गोल कुकी. तिच्यावर बोट ठेवावेसे वाटते आणि तिची रास होणार हे न सांगता कळते. त्या गेमच्या यशाचे श्रेय केवळ चित्राला देणे चूक होईल. मला इतकेच म्हणायचे आहे की, त्या निर्मात्याकडे दाखवायला एक वस्तू होती.

तुमच्याकडे तशी वस्तू आहे, आणि ती कुकीपेक्षा कितीतरी बोलकी आहे. आपल्याकडे घरी खायला म्हणून ठेवलेला घड धाब्याच्या घरात कडीला टांगलेला तुम्ही लहानपणापासून पाहिला असेल. वरच्या फण्या आधी पिवळ्या पडतात, कारण त्या आधी निसवलेल्या, म्हणजे फुलोऱ्यातून आधी बाहेर पडलेल्या असतात, आणि पिवळेपणा रोज थोडा थोडा खाली उतरत जातो. कोणी काही करत नाही, घरातले झोपलेले असतात, आणि सकाळी आणखी एक फणी पिकलेली असते. आयडल गेमचे यापेक्षा नेमके चित्र मला तरी सुचणार नाही. टांगलेला घड हाच तुमचा प्रोग्रेस बार आहे: वर पिवळा, मध्ये पोपटी, खाली हिरवा. मलकापूरचा असो की मॅनिलाचा, पाहणाऱ्याला केळीबद्दल काहीही माहीत नसले तरी ‘हे आपोआप होत आहे आणि अजून थोडे बाकी आहे’ एवढे त्याला कळते.

यामुळे तुमची आणखी एक अडचण सुटते, जी तुम्ही विचारलेली नाही पण चित्रात मला दिसली. तुम्ही बागेतल्या झाडावर पिवळेजर्द घड काढले आहेत. ते लोकांना केळी पटकन ओळखू यावीत म्हणून केले असणार, हे मी समजू शकतो. पण रावेर-यावलचा कोणीही शेतकरी ते पाहून हसेल, कारण विक्रीचा माल हिरवा कापला जातो आणि झाडावरच पिकलेला घड म्हणजे नुकसान. दुसरीकडे, घड खरा दाखवायचा म्हणून हिरवा काढला तर तो हिरव्या पानांत हरवतो आणि परदेशातल्या माणसाला भाजीसारखा दिसतो. कडीला टांगलेल्या घडात दोन्ही रंग खरे आहेत, त्यामुळे कोणाशीही खोटे बोलावे लागत नाही.

घडाच्या बाबतीत एक ताकीद, विशेषतः एआयकडून चित्र काढून घेणार असाल तर. दांडा वर आणि केळफूल खाली असा घड लटकत असताना त्यातली केळी वरच्या दिशेने वळलेली असतात. बाजारात आकड्याला टांगलेली फणीच ज्यांनी पाहिली आहे, ते केळी खाली लोंबकळणारी काढतात. माझ्याकडे एकदा एक जण असे यंत्राने काढलेले चित्र ‘थोडे नीट करून द्या’ म्हणून घेऊन आला होता. त्यात घड दिसायला इतका सुंदर होता की, तो उलटा आहे हे माझ्याही दुसऱ्या नजरेत आले. खानदेशातल्या माणसाच्या गेमवर असा घड असणे म्हणजे सराफाच्या पाटीवर उलटा तराजू. शिवाय चित्रात खऱ्या घडाच्या नऊ-दहा फण्या काढत बसू नका. चार जाड, ठसठशीत फण्या पुरेत. लहान आकारात चार फण्यांचा घड ‘घड’ म्हणून वाचला जातो, दहा फण्यांचा घड कणसासारखा दिसतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. जळगावच्या सराफ बाजारावरून सुचलेल्या एका आयडल गेमचे कव्हर काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. मी उत्साहाने पूर्ण पेढी रंगवली: काचेची कपाटे, पाटल्या, गोफ, नथी, मागे गादीवर बसलेले शेटजी. मोठ्या पडद्यावर ते इतके भरजरी दिसत होते की, मी ते घरातल्या सगळ्यांना दाखवले. फोनवर आयकॉन म्हणून लावल्यावर मात्र हळद सांडल्यासारखा एक पिवळा डाग तेवढा दिसला. गेम करणाऱ्यांनी सभ्यपणे काही म्हटले नाही, पण महिन्याभराने क्लिक येत नाहीत म्हणून कव्हर बदलायचे आहे असे कळवले. दुसऱ्या वेळी मी तराजूच्या पारड्यात एकच पाटली ठेवली, आणि मागे सराफ दागिना गुंडाळतात त्या गुलाबी कागदाचा रंग सावलीसह गडद करून घेतला. दागिना पांढऱ्या कागदात न देता गुलाबी कागदात देण्यामागे काय कारण असेल ते असो, सोने त्यावर जास्त खुलते हे मात्र खरे आहे. ते चित्र चालले. पेढी रंगवायला मला तीन आठवडे लागले होते, पाटलीला चार दिवस.

आता तुम्ही विचारलेल्या रंगांकडे येतो. रंग निवडण्याआधी चित्र राखाडी करून पाहा. राखाडीत मुख्य वस्तू मागच्या भागापासून सुटी दिसत नसेल, तर कोणताही रंग तिला वाचवू शकत नाही. पिवळा हा मुळातच उजळ रंग आहे, म्हणून त्याच्यामागे गडद काहीतरी हवे. जुन्या घरांत चुन्यात नीळ घालून रंगवलेली भिंत असते, तिची निळाई पिवळ्याला उठाव देते आणि ठिकाणही सांगते. मात्र ती फिकी, दिवसाउजेडाची ठेवली तर राखाडीत ती आणि पिवळी केळी जवळपास एक होतात. म्हणून संध्याकाळ घ्या: भिंत गडद निळसर, घडावर एका बाजूने दिव्याचा उजेड, आणि खालच्या हिरव्या फण्यांच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ, म्हणजे त्या अंधारात बुडणार नाहीत. दुसरी काळजी अशी की, स्टीमचे पान स्वतः गडद निळे आहे. तुमची भिंत त्याच्याइतकीच गडद झाली तर चित्राच्या कडा पानात विरघळतात आणि घड हवेत लोंबतो. भिंत पानापेक्षा एक-दोन पायऱ्या उजळ आणि थोडी हिरवट बाजूला झुकलेली ठेवा. चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून केलेली छायाचित्रे कधी पाहिली नसतील तर जरूर पाहा. चार वस्तू आणि उजेडाची दिशा यांतून केवढे जग उभे करता येते याचा तो उत्तम धडा आहे, आणि तो आपल्या घराजवळच आहे.

माणूस दाखवावा की नाही, हे परिस्थितीवर आहे. तुमचा गेम मुख्यतः आकड्यांचा असेल, म्हणजे खेळणाऱ्याला हजारावरून लाखावर आणि लाखावरून कोटीवर जाण्यातच रस असेल, तर वस्तू आणि तिची रास पुरेशी आहे. तो पडद्याच्या कोपऱ्यात शांतपणे चालू ठेवायचा गेम असेल, तर एखादी व्यक्ती किंवा प्राणी चित्राला ऊब देतो. तुमच्या शेतकऱ्याला काढून टाकणे जिवावर येत असेल, तर त्याच्या हातातले फावडे घ्या आणि त्याला घडाखाली बाजेवर झोपवा. तोंडावर उपरणे, पायाशी मांजर. झोपलेला शेतकरी आणि पिकणारा घड ही जोडी पाहून हसू येते, आणि गेम कसला आहे तेही कळते. मात्र छोट्या कॅप्सूलमधून आणि आयकॉनमधून त्याला वगळा. तिथे फक्त घड. काही आयकॉनवर डोळे विस्फारून ओरडणारा चेहरा लावण्याची रीत पडली आहे. ती काहींना लाभते हे मी नाकारत नाही, पण शांत गेमला ती लावणे मला पटत नाही, आणि आत आलेल्या माणसाला तो चेहरा कुठेच भेटत नसेल तर ती फसवणूकही आहे.

मालगाडी, ट्रॅक्टर, पिकवण केंद्र यांना रडू नका. त्यांची जागा स्क्रीनशॉटमध्ये आहे. गेम कुठपर्यंत वाढतो हे तिथे दाखवायचे असते, आणि भुसावळ विभागातून निघणारी वाघिणींची रांग तिथे खरोखर दिमाखदार दिसेल.

नावाच्या अक्षरांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण देवनागरीत लिहिणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. रोमन मोठ्या अक्षरांना वरखाली काही चिकटत नाही, त्यामुळे ती दिलेली उंची पूर्ण वापरतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरे असतात. त्यामुळे ४५ पिक्सेल उंचीत मूळ अक्षराला अर्धीअधिक जागाच मिळते, आणि बारीक टाइप असेल तर मात्रा शिरोरेषेत मिसळून जातात. सुदैवाने ‘घडावर घड’ या नावात एकही मात्रा, वेलांटी किंवा उकार नाही, एक जोडाक्षरही नाही; फक्त एक काना आहे. पाटी रंगवणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोपे नाव मिळणे कठीण. ते दोन ओळींत मांडा, शिरोरेषा जाड ठेवा, आणि ‘घ’च्या आतली पोकळी मोकळी ठेवा, नाहीतर लहान आकारात ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक राहत नाही. ‘ड’ची खालची गाठही अशीच बुजते, तिला थोडे उघडे वळण द्या. तयार फाँट घेतला तरी ही अक्षरे हाताने दुरुस्त करून घ्यावी लागतील.

जगभरच्या ग्राहकांसाठी मात्र रोमन लिपीतले नाव लागेलच. स्टीमवर ठरावीक भाषांसाठी कॅप्सूलच्या वेगळ्या प्रती चढवता येतात, आणि प्ले स्टोअरवर मराठीसाठी वेगळे वर्णन आणि वेगळी चित्रे देता येतात. त्यामुळे एकाच चित्रात दोन्ही लिप्या कोंबू नका. छोट्या कॅप्सूलमध्ये नावानेच बहुतेक जागा व्यापली पाहिजे. घड तिथे कडेला लटकला किंवा नावाच्या ‘व’ आणि ‘र’मधून खाली उतरला तरी चालेल.

तुमच्या कव्हरच्या कोपऱ्यात ‘दिवाळी ऑफर’ असा लाल गोळाही दिसला. तो आधी काढा. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या नियमांनुसार कॅप्सूलवर गेमचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. सवलतीचा मजकूर, परीक्षणांतली वाक्ये वा गुण, पुरस्कारांची नावे चालत नाहीत. मोठ्या अपडेटच्या वेळी मर्यादित काळासाठी वेगळे चित्र लावण्याची सोय आहे, ती वापरता येईल. प्ले स्टोअरवरही आयकॉनमधून किंमत, क्रमांक, ‘सर्वोत्तम’ असे काही सुचवायला मनाई आहे. तिथे १०२४ × ५०० चे फीचर ग्राफिक लागते, आणि तुम्ही व्हिडिओ जोडला तर त्याच्या बरोबर मध्यावर प्ले बटण येऊन बसते. म्हणून त्या चित्रात घड मध्यभागी न ठेवता एका बाजूला ठेवा, नाहीतर बटण नेमके फणीवर येईल. आयकॉनचे कोपरे प्ले स्टोअर स्वतः गोल करते. तुम्ही पूर्ण चौकोन द्या.

इथवरचे थोडक्यात मांडायचे तर: आधी टॅग आणि आकडे तपासा, मग वाट पाहणे दिसेल अशी एक वस्तू निवडा, ती राखाडीत आणि १२० × ४५ मध्ये टिकते का पाहा, नाव ठसठशीत करा, बाकीचा संसार स्क्रीनशॉटकडे पाठवा. आता उरला चित्रकार आणि एआय यांचा प्रश्न.

एआयबद्दल माझे मत कठोर आहे असे समजू नका. मांडणी सुचवण्यासाठी, उजेड कुठून यावा हे पाहण्यासाठी मीही ते वापरून पाहिले आहे. पण तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आड येतात. एक, २०२४ च्या जानेवारीपासून स्टीम गेममधल्या आणि पानावरच्या एआय सामग्रीची माहिती विचारते आणि ती ग्राहकांना पानावर दिसते. काही खेळणारे तेवढ्यावरून नाराज होतात. दुसरे, तुम्हाला एक चित्र लागणार नाही, एकाच चित्राच्या आडव्या, उभ्या, लहान, मोठ्या अशा अनेक मांडण्या लागणार आहेत, आणि त्या सगळ्यांत घड तोच दिसला पाहिजे. त्यासाठी घड, भिंत, शेतकरी, उजेड आणि नाव वेगवेगळ्या लेयरमध्ये, म्हणजे सुट्या हलवता येणाऱ्या थरांत, असलेली फाइल हवी. सपाट चित्र कापून आडव्याचे उभे करायला गेलात की एक तर केळफूल जाते, नाही तर नाव.

तुमच्या भावाचा हात चांगला आहे हे मी वर म्हटलेच आहे. माझा सल्ला असा की, आधी त्यानेच काडेपेटीच्या आकाराची दहा-बारा चित्रे शिसपेन्सिलीने काढावीत, प्रत्येकात घडाची जागा आणि नावाची जागा एवढेच. त्यांतले एक निवडून मगच चित्रकाराकडे जा. मांडणी ठरलेली असेल तर चित्रकाराचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात. किती पैसे द्यावेत हे त्याच्या अनुभवावर, लेयर किती लागतात त्यावर आणि किती फेऱ्या दुरुस्त्या हव्यात त्यावर आहे, त्यामुळे मी आकडा सांगत नाही. पण दुरुस्त्यांच्या फेऱ्या आधीच मोजून ठरवा. मी स्वतः रेखाटनाच्या टप्प्यावर दोन आणि रंगकामानंतर एक एवढ्याच मान्य करतो, कारण रंग झाल्यावर ‘शेतकरी उजवीकडे घ्या’ म्हटले की काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आणि हक्कांचा कागद करा, मग चित्रकार तुमच्या मामाचा मुलगा का असेना. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतर भारतापुरतेच आहे असे धरले जाते. तुमचा गेम पहिल्या दिवसापासून जगभर विकला जाणार आहे, तेव्हा ‘संपूर्ण जगासाठी, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, लेयरसह मूळ फाइलसकट’ हे शब्द कागदावर असलेच पाहिजेत. नावाची अक्षरे वेगळ्या माणसाने काढली असतील तर त्याचाही कागद वेगळा करा.

चित्र तयार झाले की ते आवडले का, असे कोणाला विचारू नका. आपल्याकडे माणसे भिडस्त आहेत, ‘भारी शे भाऊ’ म्हणून मोकळी होतात. फोनवर दहा-बारा अनोळखी गेमच्या कव्हरांमध्ये तुमचे कव्हर बसवा, समोरच्याला स्वतःच्या अंगठ्याने सरकवू द्या, फोन परत घ्या आणि विचारा: केळीचे एक चित्र होते, त्या गेममध्ये काय करायचे असेल? ‘केळी पिकायची वाट पाहायची’ किंवा ‘काही करायचे नाही, झोपायचे’ असे उत्तर आले तर चित्र बरोबर आहे. ‘शेती करायची’ असे आले तर शेतकऱ्याला आणखी लहान करा. ‘केळीचे चित्र? कुठे होते?’ असे आले तर घड मोठा करा.

प्ले स्टोअरवर याच्या पुढची परीक्षा फुकट होते. तिथल्या स्टोअर लिस्टिंग प्रयोगांत चालू आयकॉनच्या जोडीला आणखी तीन पर्यायांपर्यंत चढवून वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे दाखवता येतात. एका वेळी एकच गोष्ट बदला: तोच घड, पण एकदा निळी भिंत आणि एकदा विटकरी, किंवा तीच भिंत, पण एकदा अर्धा पिकलेला घड आणि एकदा पूर्ण पिकलेला. माझा अंदाज अर्ध्या पिकलेल्याच्या बाजूने आहे, पण अंदाज तो अंदाजच. स्टीमवर अशी सोय नाही, म्हणून तिथे कव्हर बदलल्याची तारीख वहीत लिहून ठेवा आणि आधीच्या व नंतरच्या काही साध्या आठवड्यांचे आकडे पाहा. मधे सेल किंवा एखादा मोठा महोत्सव आला असेल तर ते आठवडे बाजूला ठेवा, कारण तेव्हा येणारी गर्दीच वेगळी असते. प्ले स्टोअरवर जिंकलेले चित्र स्टीमवरही जिंकेलच असे नाही, पण तुम्हाला दोन्हीकडे एकच घड ठेवायचा असल्याने सुरुवात तिथून करणे स्वस्त पडेल.